पोर्ट ऑफ स्पेन : संपन्न बेटावरील बंद दारे

पोर्ट ऑफ स्पेन हे नाव मराठी कानांना नवे नाही. मार्च १९७१ मध्ये अजित वाडेकरांच्या संघाने तेथील क्वीन्स पार्क ओव्हलवर वेस्ट इंडीजविरुद्ध भारताचा पहिला कसोटी विजय मिळविला. सुनील गावसकरांचे कसोटी पदार्पणही त्याच सामन्यातले. हे शहर त्रिनिदाद आणि टोबॅगो या जोडबेटांच्या राष्ट्राची राजधानी आहे.

लोकसंख्या सुमारे चौदा लाख. भूगर्भात तेल व नैसर्गिक वायू, ला ब्रेया येथे नैसर्गिक डांबराचे सरोवर. ३० मे १८४५ रोजी 'फतेल रझाक' हे जहाज येथे हिंदी मजुरांना घेऊन पोहोचले. १९१७ पर्यंत एक लाख चाळीस हजारांहून अधिक करारबद्ध मजूर उसाच्या मळ्यांवर आले. त्यांचे वंशज पुढे शेतकरी, वकील, दुकानदार झाले. नायपॉल यांचे जन्मगाव चग्वानास आज गजबजलेली बाजारपेठ आहे.

मात्र या संपन्नतेला भीतीचे ग्रहण लागले आहे. १९९९ मध्ये देशात शंभराहून कमी खून झाले; २००८ मध्ये ती संख्या पाचशेवर गेली आणि २०२४ मध्ये सहाशेवर. म्हणजे लाख लोकसंख्येमागे चाळीसहून अधिक. भारतात हेच प्रमाण दोन-तीनच्या आसपास असते. ३० डिसेंबर २०२४ रोजी सरकारला आणीबाणी जाहीर करावी लागली.

व्यापाऱ्यांनी या अस्थिरतेची किंमत वारंवार मोजली आहे. जुलै १९९० मध्ये एका सशस्त्र गटाने संसदेत घुसून पंतप्रधानांनाच ओलीस ठेवले, तेव्हा राजधानीतील दुकाने लुटली व जाळली गेली. २००५ च्या सुमारास खंडणीसाठी अपहरणांचे सत्र चालले. त्यात हिंदी वंशाची व्यापारी कुटुंबे विशेष भरडली गेली. अलीकडे टोळ्या दुकानदारांकडे नियमित हप्ता मागतात. त्याला तेथे 'टॅक्स' असेच म्हणतात. लोखंडी जाळ्या, पहारेकरी, कॅमेरे, विमा हा सारा खर्च शेवटी मालाच्या किमतीत मिसळतो आणि गरीब ग्राहकही तो भरतो. दुकान लवकर बंद झाले की बुडालेली विक्री तर कोणत्याच खातेवहीत दिसत नाही.

कारणे एकात एक गुंतलेली आहेत. व्हेनेझुएलाचा किनारा जवळच्या ठिकाणी अवघा अकरा किलोमीटर; त्या मार्गाने दक्षिण अमेरिकेतील कोकेन पुढे जाते. बेटावर बंदुका बनत नाहीत. त्या मुख्यतः अमेरिकेतून चोरून येतात. राजधानीच्या पूर्वेकडील लावेंटिलसारख्या वस्त्यांत बेकारी जुनी आहे. तेथील बेकारी निवारणाच्या सरकारी कामांची कंत्राटे टोळीप्रमुखांच्या हाती गेली आणि मदतीच्या पैशानेच टोळ्या पोसल्या. २००३ मध्ये सरकारी साखर कंपनी बंद होऊन हजारो कामगारांचा रोजगार गेला, तो आघात वेगळाच.

शिक्षा कठोर नाही म्हणावे, तर खुनाला कायद्याने मृत्युदंड अनिवार्य आहे. १९९९ च्या जून-जुलैत दहा जणांना फाशी दिली गेली. तरीही पुढच्या नऊ वर्षांत खून पाचपटीहून अधिक झाले. अलीकडच्या वर्षांत पाचांपैकी एका खुनाचाही छडा लागत नाही. साक्षीदार जिवाच्या भीतीने बोलत नाहीत आणि खटले वर्षानुवर्षे रेंगाळतात. पकडले जाण्याची खात्री नसेल, तर फासाचा दोर कितीही मजबूत असला तरी त्याचा धाक उरत नाही.

याच लावेंटिलच्या टेकडीवर तेलाच्या टाकाऊ पिंपांतून 'स्टीलपॅन' हे वाद्य घडले आणि जगभर पोहोचले. तेथील 'डेस्पराडोज' या नामांकित वाद्यवृंदालाही गुन्हेगारीपायी काही काळ आपली टेकडी सोडावी लागली. टाकाऊ पिंपातून सूर काढणाऱ्या त्या वस्तीत गुणांची वाण कधीच नव्हती. तेथील तरुणाला टोळीच्या आधी रोजगार गाठतो की नाही, यावरच चग्वानासची दुकाने संध्याकाळी किती वेळ उघडी राहतील हे ठरणार आहे.