तिसरा तारा

रात्री पुन्हा ‘फोर्झा होरायझन ५’ लावला. २०२१चा कार-शर्यतींचा गेम, मेक्सिकोत घडणारा. शर्यत एकही केली नाही. एका स्पीड झोनच्या, म्हणजे वेग मोजल्या जाणाऱ्या रस्त्याच्या टप्प्याच्या, तिसऱ्या ताऱ्यामागे लागले होते. स्पीड ट्रॅपला कॅमेऱ्यासमोरचा एक क्षण पुरतो. झोनमध्ये सरासरी वेग मोजतात, त्यामुळे एका वळणावर ब्रेक जरा जास्त दाबला की सगळी मेहनत पाण्यात. चौदाव्या खेपेला वळणाआधीच ब्रेक मारून सोडला, मागचं चाक मातीत घासलं आणि तारा पेटला! तळवे घामेजले होते.

मग नकाशावरच्या जांभळ्या वर्तुळात लपलेलं कोठार शोधत हिंडले. झाडीआड सापडलं, आत धुळीने माखलेली जुनी गाडी. शर्यतीपेक्षा मला हीच भटकंती प्रिय. ती गाडी दुरुस्त होऊन यायला वेळ आहे, तोवर गेममधल्या ग्वानाहुआतो शहराच्या रंगीत गल्ल्यांतून सावकाश फिरते.