सतरा नंबरची दोनशे बारा पुस्तकं

बालदोस्तांनो, बाईंनी तुम्हाला कधी ना कधी रागावलं असेलच. पण बाईच चुकल्या आणि त्यांनी ते सगळ्या वर्गासमोर कबूल केलं, असं कधी झालंय का? माझ्या वर्गात गेल्या वर्षी झालं. तीच गोष्ट आज सांगते.

मी सोलापुरात प्राथमिक शाळेत शिकवते. आमच्या पाचवीच्या वर्गाचं स्वतःचं छोटंसं ग्रंथालय आहे. एक लोखंडी कपाट आणि 212 पुस्तकं! कोणी कोणतं पुस्तक नेलं, ते आम्ही वहीत लिहायचो. मग शाळेला एक जुना संगणक मिळाला. मला वाटलं, चला, वहीतली माहिती यात भरू. मुलंही शिकतील, आपणही शिकू.

माहिती नीट लावून ठेवण्याच्या अशा कोठाराला ‘डेटाबेस’ म्हणतात. घाबरू नका, तुमच्या वर्गाचा हजेरीपटही तसाच असतो. आडव्या ओळी आणि उभे रकाने. 1970 साली एडगर कॉड नावाच्या संशोधकाने अशा तक्त्यांमध्ये माहिती कशी ठेवावी, याची रीत मांडली. पुढे त्या तक्त्यांना प्रश्न विचारण्यासाठी एक भाषा तयार झाली, तिचं नाव एस्क्यूएल. आम्ही घेतला तो डेटाबेस म्हणजे एस्क्यूलाइट. तो 2000 साली आला, फुकट मिळतो आणि तुमच्या घरातल्या अँड्रॉइड फोनमध्येही तो गुपचूप काम करत असतो!

त्याच्याशी बोलायचं कसं? चित्रं नाहीत, बटणं नाहीत. एक काळी खिडकी उघडते आणि तिच्यात आज्ञा टाइप करायची. याला ‘कमांड लाइन’ म्हणतात. ‘एस्क्यूलाइट-थ्री’ लिहून पुढे फाइलचं नाव दिलं, की कोठाराचं दार उघडतं. ‘डॉट टेबल्स’ लिहिलं, की आत कोणते तक्ते आहेत ते दिसतं. आमचा तक्ता एकच, ‘पुस्तके’. त्यात चार रकाने: क्रमांक, नाव, लेखक आणि कोणाकडे. शेवटच्या रकान्यात मुलाचा हजेरी क्रमांक लिहायचा. 0 असेल तर पुस्तक कपाटात आहे असं समजायचं. तक्त्याची आणि रकान्यांची नावं मराठीत दिली तरी चालतात. आज्ञेचे शब्द मात्र इंग्रजीच. आम्ही पहिला प्रश्न विचारला तो असा:

सिलेक्ट नाव फ्रॉम पुस्तके व्हेअर लेखक = 'साने गुरुजी';

म्हणजे काय? ‘नाव निवड, पुस्तके या तक्त्यातून, जिथे लेखक साने गुरुजी आहेत.’ लगेच उत्तर आलं: श्यामची आई! मुलांनी टाळ्या पिटल्या. शेवटचा अर्धविराम विसरलात, तर संगणक तीन टिंबं दाखवून वाट पाहत बसतो. त्याला वाटतं, तुमचं वाक्य अजून संपलेलंच नाही.

पुस्तक दिलं की नोंद बदलायची. त्यासाठी दुसरी आज्ञा:

अपडेट पुस्तके सेट कोणाकडे = 17 व्हेअर क्रमांक = 42;

एका शनिवारी शाळा सुटायची घंटा झाली आणि 17 नंबरची मुलगी धावत आली. ‘बाई, श्यामची आई देता का?’ मी 42 नंबरचं पुस्तक तिच्या हातात ठेवलं, वहीत लिहिलं आणि घाईघाईने संगणकातही नोंद केली. 17 पर्यंत टाइप केलं, अर्धविराम दिला, एंटर मारलं, संगणक बंद केला. आलं का लक्षात? ‘व्हेअर’ राहिलं!

आपल्या सोलापूरच्या चादरीवर मोर असतो ना? ती चादर जेकार्ड मागावर विणतात. पुठ्ठ्याच्या पट्ट्यांना भोकं पाडलेली असतात. भोक असेल तिथला धागा उचलला जातो, नसेल तिथला खालीच राहतो. चुकीच्या जागी भोक पडलं, तर माग थांबून विचारत नाही, की ‘मालक, हे चुकून तर नाही ना?’ तो प्रत्येक चादरीवर वाकड्या मानेचा मोर विणत जातो. संगणकाचंही तसंच. ‘कोणत्या पुस्तकासाठी’ हे मी सांगितलंच नाही, म्हणून त्याने सगळ्या पुस्तकांपुढे 17 लिहून टाकलं.

सोमवारी मी प्रशिक्षणाला गेले होते. दर सोमवारी आमची दोन ग्रंथपाल मुलं कोणाकडे किती पुस्तकं आहेत ते संगणकाला विचारतात आणि फळ्यावर लिहितात. त्या दिवशी त्यांनी लिहिलं: ‘17 नंबर – 212 पुस्तके.’ मग काय, वर्गभर हसू आणि चिडवाचिडवी!

मंगळवारी सकाळी मी आले, तर फाटकापाशी तिची आई उभी. त्या घरी विड्या वळतात. हजार विड्या वळल्या, की त्या हिशेबाने मजुरी मिळते. त्यांनी पदराची गाठ सोडली, आतल्या नोटा पुढे केल्या आणि म्हणाल्या, ‘बाई, पोरगी रात्रभर रडलीय. एकच पुस्तक नेलं म्हणती. पण कंप्युटरमध्ये आलंय म्हणजे खरंच असणार की ओ. आत्ता एवढे घ्या. बाकीचे थोडे थोडे करून फेडले तर चालतंय का?’

दोस्तांनो, मला खूप शरम वाटली. एका आईने स्वतःच्या लेकीपेक्षा पडद्यावरच्या आकड्यावर जास्त विश्वास ठेवला होता. आणि तो आकडा लिहिला कोणी? संगणकाने नव्हे, मी!

पैसे मी त्यांच्या पदरात परत बांधायला लावले. त्यांना वर्गात नेलं, फळा पुसला आणि सगळ्यांसमोर सांगितलं, ‘चूक माझी आहे.’ मुलं एकदम गप्प झाली. मग 17 नंबरच्या मुलीलाच मी संगणकासमोर बसवलं. आधी सगळी पुस्तकं 0 केली. या वेळी ‘व्हेअर’ मुद्दाम लिहिलं नाही, कारण खरोखरच सगळी ओळ न् ओळ बदलायची होती! मग जुनी वही उघडून, बाहेर गेलेलं एकेक पुस्तक तिनेच पुन्हा भरलं. शेवटी तिने विचारलं, ‘17 कडे कोणती?’ पडद्यावर एकच नाव आलं: श्यामची आई. तिच्या आईने ते लेकीकडून वाचून घेतलं, दोनदा.

तेव्हापासून संगणकाशेजारी आमचे तीन नियम चिकटवलेले आहेत.

पहिला: आधी सिलेक्ट, मग अपडेट. ज्या ओळी बदलायच्या आहेत, त्या आधी डोळ्यांनी पाहा.

दुसरा: बदलाआधी ‘बिगिन;’ लिहा. चुकलं तर ‘रोलबॅक;’ म्हणा, सगळं पहिल्यासारखं होतं. बरोबर असेल तर ‘कमिट;’ म्हणा, मगच ते पक्कं होतं. मी त्या शनिवारी हेच केलं नव्हतं.

तिसरा: फाइलची एक प्रत वेगळी ठेवा. आणि वही तर मुळीच टाकू नका!

पालकांनो, तुम्हालाही एक सांगावंसं वाटतं. रेशनची यादी असो, बँकेचा हिशेब असो, नाहीतर शाळेचा दाखला असो, संगणकात माणसांनी भरलेलंच असतं. तिथे काही चुकीचं दिसलं, तर पदराची गाठ सोडण्याआधी विचारा: हे कोणी लिहिलं? कधी? कशावरून?

आणि बालदोस्तांनो, तुमच्या घरातल्या पुस्तकांचा असा तक्ता कराल ना? नाव, लेखक, कोणाकडे. संगणक नसेल तर वहीत करा. रकाने तेच! आणि हो, ती 17 नंबरची मुलगी यंदा आमची ग्रंथपाल आहे. मी एंटर मारायला गेले, की ती आधी पडद्याकडे पाहते आणि विचारते, ‘बाई, व्हेअर लिहिलं का?’