मोठी देवी, चांदी आणि दादाचा ड्रम

बुलढाणा जिल्हा म्हटला की तुम्ही लोणारचे सरोवर म्हणाल, जिजाऊंचे सिंदखेड राजा म्हणाल, आणि शेगाव तर म्हणालच म्हणाल. खामगावचे नाव सहसा कुणी घेत नाही. माझे माहेर खामगावचे, म्हणून मला ते लागते. तेव्हा आज मैत्रिणींनो, मी तुम्हाला माझ्या माहेरी नेणार आहे. पण नुसते गाव दाखवायला नव्हे. दादाचा ड्रम ऐकायला.

जायचे कसे, ते आधी सांगते. मुंबई-नागपूर मार्गावर मलकापूर, नांदुरा, जलंब आणि शेगाव अशी स्टेशने एकामागून एक येतात. जलंबहून खामगावला एक छोटीशी फाटा-लाइन जाते. इंग्रजांनी ती १८७० साली टाकली, ती माणसांसाठी नव्हे, कापसासाठी. त्या काळी खामगावच्या कापसाचा बाजार एवढा मोठा होता की खुद्द लॉर्ड मेयो ही लाइन सुरू करायला आला होता. पण तुम्ही आपल्या शेगावलाच उतरा. गजानन महाराजांचे दर्शन घ्या, आणि स्टेशनावरची कचोरी खा. फाळणीनंतर पंजाबातून आलेल्या तीरथराम शर्मा यांनी ती इथे सुरू केली. आता ती वऱ्हाडाचीच झाली आहे. मग एस.टी.ने किंवा रिक्षाने अर्ध्या-पाऊण तासात खामगाव.

आमच्या जिल्ह्याचे दोन भाग आहेत, घाटावर आणि घाटाखाली. बुलढाणा, चिखली, मेहकर घाटावर, आम्ही घाटाखालचे. घाटावरच्यांना थंड हवेचा तोरा, आणि आम्हाला काळ्या मातीचा. सोयरिकी जुळवतानासुद्धा हे निघते बरं का!

खामगावात बघण्यासारखे काय, तर चांदी. रजतनगरी म्हणतात या गावाला. इथल्या चांदीच्या शुद्धतेचा लौकिक जुना आहे, आणि लोक लांबून समया, निरांजने, ताम्हने घ्यायला येतात. पैंजण घेणार असाल तर घुंगरू हाताने ओढून पाहा, आणि पावती मागायला लाजू नका.

आणि दुसरी मोठी देवी. सगळ्या महाराष्ट्रात दसऱ्याला देवी उठते आणि मांडव सुटतात. खामगावात मात्र कोजागिरीला जगदंबा बसते. तिला आम्ही मोठी देवी म्हणतो, आणि उत्सवाला शांती महोत्सव. पुढचे काही दिवस गाव नुसते फुलून जाते. पाळणे, बांगड्यांची दुकाने, भजी, फुगे. सासरी गेलेल्या मुली दिवाळीची वाट न बघता याच दिवसांत माहेरी येतात. मीही २०२५ च्या कोजागिरीला तशीच गेले. तो दिवस ६ ऑक्टोबरचा होता.

घरात पाऊल टाकले तर वहिनी अंगणात बसून चिंचेच्या कोळाने काहीतरी घासत होत्या. मला वाटले देवाची परात असेल. जवळ जाऊन पाहते तर ड्रमच्या झांजा! मोठ्या, काळ्या पडलेल्या. एक अर्धी उजळली होती.

“वहिनी, हे काय?”

“तुमचे दादा वाजवणार हायेत. परवा.”

आता हे तुम्हाला कळायचे तर थोडे मागे जायला हवे.

१९७८-७९ च्या सुमारास आमच्या गल्लीतल्या सहा-सात पोरांनी मिळून ऑर्केस्ट्रा काढला होता. तेव्हा गावोगाव ऑर्केस्ट्रा निघत होते. एक अकॉर्डियन, एक गिटार, काँगो-बाँगो, ढोलक, आणि दादाचा ड्रमसेट. तो त्याने अकोल्याहून जुना आणला होता. गणपतीत आणि देवीत त्यांना दम घ्यायला वेळ नसायचा. भाड्याच्या टेम्पोत बसून, बोथ्याच्या घाटातून रात्री-अपरात्री बुलढाण्याला जायचे, चिखलीला जायचे. देऊळगाव राजाच्या बालाजीच्या यात्रेतसुद्धा त्यांनी वाजवले. कार्यक्रम रात्री दहाला सुरू व्हायचा आणि पहाटे कोंबडा आरवला की संपायचा. दादा एवढ्या जोरात वाजवायचा की आईला घरात ऐकू यायचे. “मेला पत्रे फोडतोय,” असे ती म्हणायची, पण झोपायची मात्र तो आल्यावरच.

मग कॅसेटी स्वस्त झाल्या. भाड्याने व्हिडिओ मिळू लागला. पुढे एकच माणूस एका की-बोर्डावर साऱ्या वाद्यांचे आवाज काढू लागला. ऑर्केस्ट्रावाल्यांनी ठरवले की आपणही तसा की-बोर्ड घ्यायचा, प्रत्येकाने पाच-पाच हजार घालायचे. साल १९८९. मी तेव्हा शिक्षिका होऊन चार वर्षे झाली होती. दादा माझ्याकडे आला. पोस्टात माझे पैसे होते, त्याला ते ठाऊक होते.

मी म्हटले, “दादा, तुझ्या वाजंत्रीसाठी मी पैसे देणार नाही. आता संसाराकडे बघ.”

तो चहा पिऊन निघून गेला. त्यानंतर त्याने माझ्याकडे कधीच काही मागितले नाही. ऑर्केस्ट्रा वर्षभरात मोडला. अकॉर्डियनवाल्याने पानटपरी टाकली, गिटारवाला सुरतेला गेला आणि दादा जिनिंगमध्ये हिशेबाला बसला. ड्रम माळ्यावर गेला. मला वाटले, चला, मार्गी लागला.

इतकी वर्षे माझे हेच मत होते, हे मी तुमच्यापासून लपवत नाही.

तर त्या कोजागिरीच्या रात्री आम्ही गच्चीवर दूध आटवत बसलो होतो. भाचा टोरांटोहून सुटीवर आला होता. त्याचा फोन वाजला, आणि तो एकदम ओरडलाच. म्हटले, काय झाले? तर म्हणे ‘रश’ परत येतेय!

हा रश म्हणजे तिकडचा एक जुना रॉक बँड. १९६८ साली टोरांटोत निघालेला. त्यांचा ड्रमर नील पर्ट जगात नावाजलेला होता. २०१५ च्या ऑगस्टमध्ये लॉस एंजेलिसला त्यांचा शेवटचा दौरा संपला, आणि २०२० च्या जानेवारीत पर्ट मेंदूच्या कर्करोगाने गेला. उरलेले दोघे, गेडी ली आणि अ‍ॅलेक्स लाइफसन, शाळेपासूनचे मित्र. आता सत्तरी ओलांडलेले. त्यांनी त्याच दिवशी जाहीर केले की २०२६ मध्ये पुन्हा दौरा करणार. आणि पर्टच्या जागी ड्रमवर कोण बसणार, सांगा बरे? अनिका निलेस नावाची एक जर्मन बाई!

वहिनींनी दूध ढवळायचे थांबवले. “बाई? ड्रमवर?” त्यांचा चेहरा तुम्ही बघायला हवा होता.

मला त्याहून आवडली ती गेडी लीच्या आईची गोष्ट. ही बाई पोलंडमधली ज्यू. हिटलरच्या छळछावण्यांतून जिवंत सुटून ती कॅनडात आली. नवरा लवकर गेला, पदरात तीन मुले; तिने नवऱ्याचे किरकोळ मालाचे दुकान स्वतः चालवले. पोरगा शाळा सोडून गाण्याच्या मागे लागला तेव्हा तिचा जीव तुटला असणारच. पण त्याची पहिली तबकडी निघाल्यावर तिने दुकानाच्या काचा त्याच्या चित्रांनी भरून टाकल्या, आणि ज्या मुलांजवळ पैसे नव्हते त्यांना तबकड्या फुकट वाटल्या. २०२१ साली ती वारली.

तेवढ्यावर थांबले असते तर बरे झाले असते. पण भाच्याने दुसऱ्या दिवशी मला एक माहितीपट दाखवला. दादाचेच वय, दादाचाच धंदा, म्हणे आत्या तू बघच. २००८ चा हा चित्रपट ‘अ‍ॅन्व्हिल’ या बँडवर आहे. अ‍ॅन्व्हिल म्हणजे लोहाराची ऐरण, आणि आवाजही तसाच हो! मी कानात कापूस घालून पाहिला. हाही बँड टोरांटोचाच, १९७८ मध्ये जमलेला. गाणारा स्टीव्ह कुडलो, त्याला ‘लिप्स’ म्हणतात, आणि ड्रमर रॉब रायनर. दोघे कोवळ्या वयापासूनचे मित्र. १९८४ साली जपानच्या मोठ्या महोत्सवात ते ज्यांच्याबरोबर वाजले, ते बाकीचे सगळे पुढे लखपती-करोडपती झाले. हे दोघे मात्र मागेच राहिले. लिप्स शाळांमध्ये मुलांचे जेवण पोचवण्याची नोकरी करी आणि सुटीत बँड वाजवी. एकदा युरोपच्या दौऱ्यावर गेले तर गाड्या चुकल्या, कुठे पैसेच मिळाले नाहीत, कुठे ऐकायला माणसे नाहीत. मला टेम्पोतला दादा दिसायला लागला.

मग त्यांना तेरावा अल्बम इंग्लंडात जाऊन करायचा असतो आणि पैसे नसतात. लिप्स फोनवरून गॉगल विकायची नोकरी धरतो, तेही जमत नाही. शेवटी त्याची बहीण त्याला पैसे देते.

भाच्याला काहीच ठाऊक नव्हते. तो आपला सांगत होता, “आत्या, पुढे बघ, पुढे मजा आहे.” मी उठून पाणी प्यायला गेले.

पुढे खरोखरच मजा होती. अल्बम कुठलीच कंपनी घेईना, तो त्यांनी स्वतःच विकला. मग जपानहून बोलावणे येते, पण वाजवायचे सकाळच्या वेळी. या वेळी कोण येणार, म्हणून दोघे घाबरलेले. पडदा सरकतो तर सभागृह माणसांनी भरलेले. हा चित्रपट ज्याने काढला तो साशा गर्व्हासी लहानपणी याच बँडचे सामान उचलायला होता. चित्रपटाने त्यांचे दिवस पालटले, नंतर ते मोठमोठ्या बँडांबरोबर फिरले. आपल्या मुंबईतही असे झाले आहे म्हणे. १९८४ साली निघालेला ‘रॉक मशीन’ हा बँड पुढे ‘इंडस क्रीड’ झाला, १९९७ मध्ये मोडला आणि २०१० मध्ये पुन्हा उभा राहिला. त्यातले महेश तिनईकर, उदय बेनेगल ही नावे तुमच्या मुलांना ठाऊक असतील.

खामगावातला प्रकार अर्थातच लहान. गल्लीतल्या मंडळाच्या पोरांनी ठरवले की एक दिवस डी.जे. नको, जुन्या माणसांना वाजवू द्या. त्याचे कारण शुद्ध भक्ती होते असे मी म्हणणार नाही. डी.जे.चे भाडे परवडत नव्हते, आणि पोलिसांचे नियमही असतात. २००० सालच्या ध्वनिप्रदूषणाच्या नियमांनी रात्री दहानंतर लाउडस्पीकर बंद. सरकार वर्षातून फार तर पंधरा दिवस बारापर्यंत मुभा देऊ शकते, तेवढेच. म्हणजे पहाटेपर्यंत वाजवण्याचा जमाना संपला. सात वाजता सुरू करा, दहाला आवरा. साठी-सत्तरीच्या वादकांना हे फार सोयीचे आहे हो!

सातच्या कार्यक्रमाला साडेसातपर्यंत मोजून अकरा माणसे. त्यातली पाच आमच्याच घरची. गिटारवाला सुरतेहून आला होता, त्याचे बोट सांध्याने वाकत नव्हते. अकॉर्डियनवाला तीन वर्षांपूर्वी गेला. त्याच्या जागी त्याचा नातू की-बोर्डावर होता. मागच्या रस्त्याने मोठ्या देवीच्या दर्शनाची गर्दी चालली होती आणि कुणी मान वळवून बघत नव्हते. दादा ड्रममागे बसला होता. पांढरा शर्ट, कडक इस्त्री. माझ्याकडे त्याने बघितले नाही.

पहिले गाणे जेमतेम झाले. दुसऱ्यात दादाचा ठेका चुकला, सगळे थांबले, पुन्हा सुरू केले. मी देवीला हात जोडले. तिसऱ्या गाण्याला मात्र तो जो सुटला! पत्रे फोडणारा तोच आवाज. रस्त्यावरच्या बाया थांबल्या. एकीने कडेवरचे पोर खाली उतरवले आणि ते नाचायला लागले. पाळण्यातून उतरलेली पोरेटोरे आली, भजीवाला झारा घेऊन आला. नऊ वाजता मंडपात उभे राहायला जागा नव्हती. चार-पाच म्हातारे तर नावे घेऊन गाण्यांची फर्माईश करत होते. मध्येच ड्रमचे एक पान टर्रकन फाटले. दादाने ते पालथे घातले आणि उरलेल्यांवर वाजवत राहिला.

दहाला पाच कमी असताना पोलीस आला, हसला, आणि घड्याळ दाखवले.

रात्री वहिनींनी दादाच्या खांद्याला गरम तेल चोळले. मी त्यांना विचारले, “वहिनी, इतकी वर्षे ड्रम विकला कसा नाही?” त्या म्हणाल्या, “विकाले निघाले होते एकदा. मी म्हनलं, वाजवणं थांबलं तं थांबलं, वस्तू घरात रायली पायजे.” माळ्यावर दर उन्हाळ्यात तो उतरवून त्या पुसत होत्या. माझ्या जुन्या, त्यांना दिलेल्या साड्यांतच तो गुंडाळलेला होता.

सकाळी शेगावच्या बसपाशी दादा मला पोचवायला आला. चिखलीच्या एका लग्नाचे बोलावणे त्यांना आले होते, मार्गशीर्षातले. पैसे काही फार नव्हते. मी म्हटले, “दादा, फाटलेलं पान केवढ्याला येतं?”

“काहून?”

“सांग ना.”

त्याने खिशातून चुरगळलेला कागद काढला. दोन पाने, एक पेडल, काठ्यांचे तीन जोड. हिशेब आधीच मांडलेला होता, खाली रक्कम लिहिली होती. मी तिथेच उभी राहून फोनवरून पैसे पाठवले. माझ्याने दोनदा आकडा चुकला.

बस हलली तेव्हा तो खिडकीशी आला.

“उसने हायेत, बाई. लिहून ठेवजो.”