बॅकपॅकवाली बोर्गी

कोलकात्यात शिरायचं तर बोटीनं. हावडा स्टेशनबाहेर टॅक्सीची रांग दिसेल, तिकडे बघायचंच नाही. सॅकचे पट्टे आवळा आणि सरळ फेरी घाटाकडे चालू पडा. कटिंग चहाच्या पैशांत हुगळी ओलांडता येते आणि शेजारी हावडा ब्रिज फुकटात! १९४३ साली सुरू झालेला हा अवाढव्य लोखंडी सांगाडा नटबोल्टवर नाही, रिव्हेटांवर उभा आहे. २०२४ पासून नदीखालून मेट्रोही धावतेय. तीही झकास, पण पहिल्याच दिवशी घाई कसली?

मी नशिराबादची. आमच्या गावावरून जाणारा जुना नॅशनल हायवे नंबर ६ (आता त्याचा नंबर ५३) थेट कोलकात्यापर्यंत जायचा. लहानपणी ‘डब्ल्यूबी’ नंबरप्लेटचे ट्रक मोजणं हा आमचा टाइमपास. पुढे जळगावच्या सराफ बाजारात बंगाली कारागीर बघितले, मान खाली घालून सोन्याची तार ओढणारे. एवढी माणसं तिकडून इकडे येतात, मग आपण एकदा तिकडे जायला काय हरकत आहे? डिसेंबरात भुसावळला गीतांजली पकडली. दुसऱ्या दिवशी दुपारी हावडा.

बॅकपॅकर म्हटलं की मुक्काम सडर स्ट्रीटला. १८१४ साली स्थापन झालेल्या इंडियन म्युझियमला चिकटून ही गल्ली आहे. लॉजेस, मनी एक्स्चेंज, पॅनकेक आणि केसांच्या जटा वाढवलेले गोरे. गंमत अशी, की गोऱ्या पोरीनं सॅक घेतली की ती ट्रॅव्हलर आणि आपण घेतली की, ‘अकेली? घर में झगड़ा हुआ क्या?’ दोन ठिकाणी हा प्रश्न झाला. तिसऱ्या मॅनेजरनं काही विचारलं नाही, म्हणून त्याची भिंतीकडे उघडणारी खिडकीसुद्धा गोड मानून घेतली. संध्याकाळी मैदानावर चक्कर, काठी रोल, झोप. व्हिक्टोरिया मेमोरियल वगैरे तुम्ही फोटोत पाहिलेलं आहेच, तसंच आहे.

खरं कोलकाता उत्तरेला. दुसऱ्या दिवशी पार्क स्ट्रीटहून मेट्रो पकडली. ही देशातली पहिली मेट्रो, १९८४ची. श्यामबाजारला वर आलं की पाच रस्त्यांच्या चौकात घोड्यावर बसलेले नेताजी. तिथून बागबाजार चालत. उंच जाळीदार व्हरांडे, पडक्या हवेल्या, ओट्यावर पेपर वाचणारे आजोबा. १८६८ मध्ये नवीनचंद्र दास यांनी रसगुल्ला केला तो याच बागबाजारात, असं बंगाली माणूस छाती फुगवून सांगतो. पुढे कुमारटुलीत गवताच्या सांगाड्यांवर गंगेची माती चढत होती, सरस्वतीपूजेची तयारी.

आणि मग एका गल्लीशी पाय थबकले. नाव काय, तर मराठा डिच लेन! मराठा खंदक गल्ली? इथं?

समोरच्या टपरीवर मातीच्या भांडातला चहा घेतला आणि चहावाल्या माशिमांना विचारलं. त्यांनी उलट विचारलं, ‘कहाँ से आयी हो, मा?’ इकडे लेकीच्या वयाच्या पोरींना लाडानं ‘मा’च म्हणतात. ‘महाराष्ट्र’ म्हटल्यावर त्या खळखळून हसल्या, आतल्या नातवाला हाक मारली आणि माझ्याकडे बोट दाखवून म्हणाल्या, ‘देख, बोर्गी!’ पोरगं माझ्या सॅककडे बघत राहिलं. मग त्यानं आजीला काहीतरी विचारलं. म्हणे, हिचा घोडा कुठे आहे?

बोर्गी म्हणजे आपला बारगीर. स्वतःचा घोडा असलेला तो शिलेदार, सरकारी घोड्यावर बसणारा तो बारगीर. १७४२ मध्ये नागपूरकर रघूजी भोसल्यांचे भास्करपंत कोल्हटकर फौज घेऊन बंगालात उतरले आणि जवळपास दहा वर्षं स्वाऱ्या चालू राहिल्या. गावं जळाली, माणसं देशोधडीला लागली, बायकांवर अत्याचार झाले. गंगाराम नावाच्या बंगाली कवीनं हे सगळं त्याच काळात लिहून ठेवलंय. पोथीचं नाव ‘महाराष्ट्र पुराण’, बॉस! आपण हे नाव ऐकून खूश व्हावं आणि आत हे असावं. बंगाली आया आजही जी अंगाई म्हणतात, तिच्यात बाळाला झोपवताना बोर्गी येतात. पाखरांनी धान खाल्लं, आता सारा कुठून भरायचा, ही त्या घरातली काळजी.

माशिमांनी विचारलं, ‘तुम्हारे उधर क्या बोलते हैं इसको?’

मला शाळेतलं आठवलं ते एवढंच: १७५१ चा तह, नवाब अलीवर्दीखानाकडून ओरिसा आणि वर्षाला बारा लाखांची चौथाई. दोन मार्कांचा प्रश्न. तो मी त्यांना सांगितला. त्या ‘हं’ म्हणाल्या आणि दुसरा चहा ओतला. पैसे मात्र दोन्हींचे घेतले, ते बरं झालं.

खंदकाची गोष्ट मात्र भन्नाट. कलकत्त्याच्या रहिवाशांनी घाबरून तो खणायला घेतला. बेत सात मैलांचा होता. सहा महिन्यांत तीन मैल झाला आणि मराठे काही आलेच नाहीत! अर्धवट खड्डा तसाच पडून राहिला. १७९९ मध्ये तो बुजवून सर्क्युलर रोड झाला. त्याच रस्त्याची आजची नावं आचार्य प्रफुल्लचंद्र रोड आणि आचार्य जगदीशचंद्र बोस रोड.

हेच शहर पुढे १९०२ पासून शिवाजी उत्सव करत होतं. त्यात पुढाकार सखाराम गणेश देऊस्करांचा, मराठी घरातला पण बंगालीत लिहिणारा माणूस. १९०४ मध्ये रवींद्रनाथांनी शिवाजी महाराजांवर कविता लिहिली, १९०६ च्या उत्सवाला टिळक आले. दीडशे वर्षांत एवढं बदललं, अंगाई मात्र राहिली.

तिसरा दिवस या खंदकावरून चालण्यात घालवा. श्यामबाजारहून सकाळी आठला निघायचं. माणिकतल्याच्या मासळी बाजारात नाक मुठीत धरून का होईना, आत शिरायचं. पुढे १९१७ सालचं बोस इन्स्टिट्यूट, मग सियालदा. हातगाड्या, बस, ट्रंका वाहणारे हमाल. पायाखाली आपल्या भीतीनं खणलेला खंदक आहे, हे कुणालाही आठवत नाही, आठवायची गरजही नाही. रमतगमत दोन तास धरा. उन्हाळ्यात मात्र हा उद्योग नको.

सियालदाहून कॉलेज स्ट्रीट जवळच. जुन्या पुस्तकांचे ढीग उपसून झाले की तिथल्या एखाद्या पाइस हॉटेलात केळीच्या पानावर जेवायला बसा. हिवाळ्यात बेगुन पोडा मिळालं तर सोडू नका. भाजलेलं वांगं, कच्चं मोहरीचं तेल, कांदा, हिरवी मिरची. चव छान आहे. पण भरीत आमच्या खानदेशाचंच, यावर मी माशिमांशीही तडजोड करणार नाही.