चार टर्मिनलचा वूफर

गाडीत वूफर बसवायला आलेलं गिऱ्हाईक आधी विचारतं ते वॅट किती. खोक्यावर जेवढा मोठा आकडा, तेवढा चेहरा खुलतो. ओहमचं कोणी विचारत नाही. माझं काम मात्र तिथूनच सुरू होतं. अ‍ॅम्प दोन ओहमपर्यंत चालतो की एकपर्यंत, हे आधी बघायचं आणि वूफर त्याप्रमाणे घ्यायचा. लोक नेमकं उलटं करतात. वूफर आवडला म्हणून घेतात, अ‍ॅम्प स्वस्तात मिळाला म्हणून उचलतात आणि दोघांचं लग्न लावायला माझ्याकडे येतात.

ड्युअल व्हॉईस कॉईलच्या वूफरमध्ये एकाच नळीवर दोन स्वतंत्र कॉईल गुंडाळलेल्या असतात, म्हणून टर्मिनल चार. कॉईल ४-४ ओहमच्या असल्या तर सिरीजमध्ये ८ होतात, पॅरललमध्ये २. कॉईल २-२ च्या असल्या तर ४ किंवा १. ४-४ च्या एका वूफरमधून दोन्ही कॉईल वापरून ४ ओहम काही केल्या निघत नाहीत. मग ‘एक कॉईल मोकळी सोडा की’ असं सांगणारे भेटतात. चालतं, पण वूफरची वॅट झेलायची ताकद निम्म्यावर येते. मग पैसे दोन कॉईलचे का मोजले?

जोडणी झाली की मी मीटर लावतो. ४ ओहमची कॉईल मीटरवर साडेतीनच्या आसपास दिसते, म्हणजे पॅरलल केल्यावर पावणेदोन आणि सिरीजमध्ये सात. आकडा कमी दिसला म्हणून घाबरू नये. मीटर डीसी मोजतो, लिहिलेला ओहम एसीचा असतो.

पण मीटर एक गोष्ट कधीच सांगत नाही. एका कॉईलचे प्लस-मायनस उलटे लागले तरी त्याचा आकडा तोच राहतो. त्यासाठी माझ्या खिशात साधा पेन्सिल सेल असतो. सेलचा प्लस वूफरच्या प्लसला, मायनस मायनसला टेकवला की कोन टचकन बाहेर येतो. आधी दोन्ही कॉईल अशा वेगवेगळ्या तपासायच्या, मग जोडणी करून शेवटच्या दोन वायरींवर पुन्हा सेल टेकवायचा. कोन ढिम्म राहिला तर समजायचं, दोन्ही कॉईल एकमेकींच्या विरुद्ध जोर लावताहेत. तुल्यबळ रस्सीखेचीत दोर हलत नाही, पण घाम दोन्हीकडे येतो, तसंच हे. बेस येत नाही म्हणून मालक आवाज वाढवत जातो, आणि सगळी वीज कॉईल तापवण्यात जाते. जळक्या वार्निशचा वास यायला फार वेळ लागत नाही.

दोन चॅनेलचा अ‍ॅम्प ब्रिज केला असेल तर आणखी सांभाळा. तेव्हा प्रत्येक चॅनेलला निम्माच ओहम दिसतो. २ ओहमचा वूफर तिथे लावला म्हणजे चॅनेलवर १ ओहमचा भार. अ‍ॅम्प प्रोटेक्टमध्ये गेला तर नशीब समजा.

जास्त वॅट मिळावेत म्हणून एक ओहमचा हव्यास धरणं मला पटत नाही. वॅट दुप्पट झाले तरी आवाज ३ डेसिबलनेच वाढतो. कानाला दुप्पट वाटायला साधारण १० लागतात. शिवाय करंट बॅटरीतूनच येणार. ५०० वॅट खरोखर देणारा क्लास डी अ‍ॅम्प पूर्ण जोरात ४५ अ‍ॅम्पिअरच्या आसपास ओढतो. त्याला जाड तांब्याची वायर हवी, अर्थ रंग खरवडून उघड्या पत्र्याला घट्ट कसलेला हवा आणि फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ हवा, कारण तो अ‍ॅम्पसाठी नसतो, वायरला आग लागू नये म्हणून असतो.

काम कोणाकडूनही करून घ्या. पण अ‍ॅम्पला वायर लागण्याआधी मीटरवरचा आकडा आणि सेलवर हलणारा कोन, दोन्ही समोर उभं राहून बघा. ज्याला हे दाखवायचा कंटाळा येतो, त्याच्याकडे गाडी ठेवू नका.