रंगाची माया

तुमच्या घरात एखादा जुना दिवाळी अंक असेल तर तो जरा हातात घ्या. मजकूर नंतर वाचा. आधी मुखपृष्ठ डोळ्यांजवळ धरा आणि जिथे दोन गडद रंग एकमेकांना भिडतात ती कड बघा. बहुधा तिथे काहीच वेगळं दिसणार नाही. ते दिसू नये म्हणून कुणीतरी खपलेलं असतं, हे मला शारजात सहाशे मुखपृष्ठं हातात आल्यावर कळलं.

आमच्या मंडळाचा दिवाळी अंक दरवर्षी निघतो. त्या वर्षी मुखपृष्ठ माझ्याकडे आलं. मी मुंबईत कमर्शियल आर्ट शिकले खरी, पण इथे आल्यापासून माझं सगळं काम पडद्यावरचं, वेबसाइट आणि ॲपचं. कागदाशी संबंध सुटलेला. तरी हौसेने 'मी करते' म्हटलं. गडद निळं आकाश, त्यात पिवळाधमक आकाशकंदील आणि वर पिवळ्याच अक्षरांत अंकाचं नाव. प्रेसने काढून दिलेलं प्रूफ सुरेख होतं. मी त्यावर सही केली.

चार दिवसांनी छापील कव्हरं आली. वरचीच उचलली तर कंदिलाच्या डाव्या कडेला वरपासून खालपर्यंत केसाएवढी पांढरी रेघ. अक्षरांचंही तेच. प्रत्येक काना डावीकडून पांढरा, उजवीकडून काळपट. कात्रीने कापून चिकटवल्यासारखा कंदील. मी फोटो काढले आणि मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लिहिलं, "प्रेसने वाट लावली आहे. पैसे देऊ नका." पंधरा मिनिटांत बावीस अंगठे आले.

त्याच तावातावात प्रेसवर गेले. मशीनवर साठीच्या आसपासचे एक केरळी गृहस्थ होते, त्यांना सगळे चेट्टा म्हणत. माझं सगळं ऐकून घेऊन त्यांनी न कापलेला एक ताव टेबलावर पसरला आणि भिंग माझ्या हातात दिलं. "मॅडम, पहले रजिस्टर देखो." तावाच्या कडेला अधिकच्या चिन्हासारख्या खुणा असतात. प्रत्येक रंगाची प्लेट तीच खूण छापते आणि त्या सगळ्या एकावर एक बसल्या की रजिस्टर बरोबर. पुढच्या कडेला त्या अगदी एकजीव होत्या. मागच्या कोपऱ्यात निळी खूण पिवळीपासून किंचित सरकलेली. किती? भिंगातूनही जेमतेम दिसेल एवढी, मिलिमीटरचा दहावा हिस्सा.

एका तावावर चार कव्हरं होती. मशीनचे चिमटे कागद पुढच्या कडेला धरतात, त्यामुळे तिकडची दोन स्वच्छ आली होती. मागच्या दोघांवर रेघ होती. कागद दमट हवेत फुगतो, कोरड्या हवेत आक्रसतो, आणि तंतूंना आडव्या दिशेने जास्त. शिवाय ऑफसेटमध्ये शाईबरोबर पाणीही असतं. आमचा कागद ऑक्टोबरच्या दमट गोदामातून सकाळी आला आणि एसी हॉलमध्ये लगेच मशीनवर चढला. तो एक दिवस हॉलमध्ये ठेवायला हवा होता. का ठेवला नाही? कारण आदल्या दिवशी मीच तीनदा फोन करून घाई केली होती.

"इतना तो हिलेगा," चेट्टा म्हणाले. "फाइल में ट्रॅप किधर है?"

मला त्या शब्दाचा अर्थ नीट आठवेना. कॉलेजात ऐकला होता, परीक्षेपुरता.

तर तुम्हाला सांगते. छापखान्यात चार शाया असतात: निळसर सायन, गुलाबीसर मॅजेंटा, पिवळी आणि काळी. प्रत्येकीची प्लेट वेगळी आणि प्रत्येक रंग कागदावर पाठोपाठ उतरतो. माझ्या चित्रात आकाश सायन आणि मॅजेंटाचं, कंदील निव्वळ पिवळा. म्हणून सॉफ्टवेअरने आकाशात कंदिलाच्या नेमक्या आकाराचं भोक पाडलं आणि त्या भोकात पिवळा बसवायचं काम मशीनवर सोडलं. भोक आणि कंदील तंतोतंत एका मापाचे. कागद जरा हलला की एका बाजूला कोरा कागद उघडा पडतो आणि दुसऱ्या बाजूला पिवळा निळ्यावर चढून काळपट होतो. एका बाजूला पांढरं आणि समोरच्या बाजूला काळपट दिसलं की ओळखायचं, रजिस्टर सरकलंय आणि फाइलमध्ये ट्रॅप नाही.

शिंपी कापड कधी नेमक्या मापाला कापत नाही. शिलाईसाठी आत थोडं जास्तीचं सोडतो. माझी आई त्याला माया म्हणायची. "माया ठेव गं, नाहीतर उसवेल." ट्रॅप म्हणजे रंगाला ठेवलेली माया. एक रंग दुसऱ्याच्या खाली किंचित सरकवून ठेवायचा, म्हणजे कागद हलला तरी मधे पांढरं दिसत नाही.

माया कुणी सोडायची, याचा नियम सोपा आहे: फिक्या रंगाने. आकाराची कड आपल्या डोळ्याला गडद रंगावरून कळते, म्हणून गडद जागच्या जागी ठेवायचा आणि फिका त्याच्यात शिरवायचा. निळ्यावर पिवळा कंदील असेल तर कंदील बाहेर फुगवायचा, त्याला स्प्रेड म्हणतात. पिवळ्या भिंतीवर निळं दार असेल तर भिंत आत सरकवायची, तो चोक. किती? इनडिझाइनमध्ये मुळातच पाव पॉइंट दिलेला असतो, म्हणजे मिलिमीटरचा अकरावा-बारावा हिस्सा. इलस्ट्रेटरमध्ये हाताने करायचं तर कंदिलाला त्याच पिवळ्या रंगाची अर्ध्या पॉइंटची रेघ द्यायची आणि तिला ओव्हरप्रिंट लावायचं. रेघेचा अर्धा भाग आत जातो, अर्धा बाहेर, म्हणून पाव पॉइंट माया मिळते. टी-शर्टच्या स्क्रीन प्रिंटिंगला यापेक्षा बरीच जास्त लागते.

कधी मायेची गरजच पडत नाही. शेजारच्या दोन रंगांत एक शाई भरपूर सामाईक असेल, तर फट पडली तरी तिथे तीच शाई दिसते. केशरी आणि हिरवा शेजारी असतील तर मधे पिवळं डोकावेल, पांढरं नाही. फोटोतही रंग एकमेकांत मिसळत जातात, तिथे ट्रॅप लावत नाहीत. रंगीत जमिनीवरची काळी बारीक अक्षरं सरळ ओव्हरप्रिंट करायची, खाली भोकच पाडायचं नाही. पांढऱ्याला मात्र चुकूनही ओव्हरप्रिंट लावू नका. पांढरी शाई नसतेच, तो कोरा कागद असतो. ओव्हरप्रिंट लावलंत तर अक्षरं छपाईत गायब होतात.

आपल्या देवनागरीचा पेच आणखी वेगळा. मोठ्या शीर्षकाला पाव पॉइंट सहज पचतो. पण बारीक अक्षर सगळीकडून फुगवलं की अनुस्वार लठ्ठ होतो, 'क्ष'ची पोटं बुजतात, जोडाक्षरं चिकटतात. गडद जमिनीवर बारीक पांढरी अक्षरं ठेवली तर उलट होतं, शेजारच्या शाया सरकून शिरोरेषा खाऊन टाकतात. म्हणून बारीक मजकूर शक्यतो एकाच शाईत ठेवावा आणि पांढरा ठेवायचाच असेल तर ठसठशीत टाइपात.

मग प्रूफवर हे का दिसलं नाही? ते प्रूफ इंकजेटचं होतं. त्यात प्लेटा नसतात, सगळे रंग एकाच फेरीत पडतात, तिथे सरकायचं कुणी? माझी सही रंगांपुरती खरी होती, रजिस्टरबद्दल ती काहीच सांगत नव्हती. ॲक्रोबॅटमध्ये एकेक प्लेट वेगळी करून बघता येते. मी पिवळी बंद करून फक्त निळी पाहिली असती तर ते नेमक्या मापाचं भोक मला दिसलं असतं.

घरी आल्यावर बराच वेळ फोन हातात धरून बसले. मशीन ठीक होतं, चूक फाइलची होती आणि घाईही आमचीच, हे बावीस अंगठ्यांसमोर लिहायचं होतं. गप्प बसले असते तर प्रेसचे पैसे अडकले असते आणि ठपका चेट्टांवर गेला असता. शेवटी लिहिलं. त्यावर तीनच अंगठे आले. पुढच्या कडेची तीनशे कव्हरं चांगली होती, ती ठेवली. उरलेल्या तीनशेंच्या कागदाचे आणि प्लेटांचे पैसे मी दिले, मशीनच्या वेळेचे प्रेसने घेतले नाहीत. या वेळी कंदिलाला माया होती आणि कागद दोन दिवस हॉलमध्ये ठेवला होता. रजिस्टर तेवढंच सरकलं, चेट्टांनी भिंगातून दाखवलंही. नुसत्या डोळ्यांना काही दिसलं नाही.

आता बऱ्याच प्रेसमध्ये प्लेट बनवण्याआधी सॉफ्टवेअर आपोआप ट्रॅप लावतं. म्हणून स्वतःहूनही लावून मोकळे होऊ नका. दोघांनी लावला तर कडा जाड होतात. तुमच्यापैकी कुणी यंदा मंडळाचा अंक, स्मरणिका, लग्नपत्रिका छापायला देणार असेल, तर दर विचारण्याआधी प्रेसला एवढं विचारा: "ट्रॅपिंग तुम्ही करणार की आम्ही?" आणि कागदाला एक दिवस द्या.