दिंद्रुडची एक ओसरी

परळीहून बीडकडे निघालें कीं सिरसाळ्यापुढें दिंद्रुड लागतें. आम्ही उतरलों तेव्हां दिवाळी सरली होती आणि ऊसतोडीच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्राकडे, कर्नाटकाकडे रवाना झाल्या होत्या. कित्येक घरांस कुलुपें. ओसऱ्यांवर म्हातारीं माणसें व लेंकरें.

एका ओसरीवर आठ-नऊ वर्षांचा मुलगा शेंगा निवडीत होता. "उशिरा चाललं, उशिरा बोललं, भोळं हाय," आजी म्हणाली. शब्द मायेचा खरा, पण त्याच्या आड तपासणी राहून जाते. (आपल्या शिकलेल्या घरांतून पाहुणे येतांच असें मूल माजघरांत बसवितात, तें याहून बरें म्हणावें काय?) आरोग्यपथक अंगणवाडींत वर्षांतून दोनदां व सरकारी शाळेंत एकदां येतें, परंतु त्या दिवशीं मूल आईबापांबरोबर फडावर असलें म्हणजे नोंद चुकते. बुद्धीची उणीव औषधानें भरत नाहीं. मात्र कपडे घालणें, जेवणें, पैसे ओळखणें लहान लहान पायऱ्यांनीं शिकवितां येतें, आणि तें जितकें लवकर तितकें बरें. पुण्याची 'कामायनी' हें काम १९६४ पासून करीत आहे. २०१६ च्या कायद्यानें ४० टक्क्यांचें प्रमाणपत्र असलेल्या मुलास १८ व्या वर्षापर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क दिला आहे.

"म्या गेल्यावर ह्याचं कोण करील?" आजीनें विचारलें. मूल सज्ञान झाल्यावरही १९९९ च्या कायद्यान्वयें जिल्ह्याची समिति पालक नेमून देते, असें आम्ही सांगितलें.

"आधी बीडला न्यावं लागंल ना?"

प्रश्न रास्त होता. जिल्हा रुग्णालय बीडला, आणि नेणारा बाप होळीपर्यंत फडावर.